पोलिसांच्या वहीपासून पोलीस भरतीच्या फॉर्मपर्यंत

आज ३१ ऑगस्ट, विमुक्त दिन. १९५२ साली याच दिवशी इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. आपल्याकडे या कायद्याचा विषय निघाला की पारधी, रामोशी, बेरड, कैकाडी या समाजांवर झालेल्या अन्यायाबद्दल बोललं जातं, आणि ते बोललंच पाहिजे. पण मूळ कायद्याला दुसराही एक भाग होता. विमुक्त दिनाच्या भाषणांत त्याचं नाव फारसं ऐकू येत नाही. तो भाग हिजड्यांसाठी होता.

(हा शब्द इथे शिवी म्हणून लिहिलेला नाही. समाजातले अनेक जण स्वतःसाठी तो मानाने वापरतात, त्याच अर्थाने लिहितोय.)

१८७१ चा २७ वा कायदा. त्याच्या शीर्षकातच गुन्हेगार जमाती आणि 'यूनक', म्हणजे षंढ, यांची 'नोंदणी' असं म्हटलेलं होतं. मुलं पळवणं, त्यांचं लिंग कापणं किंवा कलम ३७७ खालचा गुन्हा करणं, असा ज्यांच्यावर संशय असेल त्यांची नावं, पत्ते आणि मालमत्ता सरकारने वहीत नोंदवायची. लक्षात घ्या, गुन्हा सिद्ध व्हायची गरज नव्हती. 'वाजवी संशय' पुरे होता.

एकदा वहीत नाव गेलं की काय व्हायचं? बाईच्या वेशात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसलात, तर वॉरंटशिवाय अटक. रस्त्यात नाचलात, वाजवलंत, किंवा पैसे घेऊन कुणाच्या घरी नाचलात, तरी तेच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे बारशाला, लग्नाला जाऊन बधाई मागण्याचा पोटापाण्याचा धंदाच गुन्हा ठरला.

आणखी एक कलम होतं, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. नोंद झालेल्या माणसाला कुणा अज्ञान मुलाचं पालक होता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्रही नाही. हिजड्यांचं घर रक्ताच्या नात्यावर नाही, गुरु-चेल्याच्या नात्यावर चालतं. गुरूचं जे काही असेल ते चेल्याकडे जातं. हा कायदा त्या घराच्या मुळावरच घाव घालत होता. आजच्या उत्तर प्रदेशातल्या, म्हणजे तेव्हाच्या वायव्य प्रांतातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना हा समाज हळूहळू संपायलाच हवा होता. फासावर चढवायची गरज नव्हती, वही पुरेशी होती.

वहीच्या जोडीला ३७७ होतंच. हे कलम १८६० च्या दंड संहितेतलं. १८८४ सालचा खैरातीचा खटला बघा. मुरादाबादकडचा हा माणूस बायकांचे कपडे घालून एका कुटुंबातल्या बायकांबरोबर गाताना सापडला. वैद्यकीय तपासणी झाली आणि थेट ३७७ लागलं. सत्र न्यायालयाने शिक्षाही दिली. अलाहाबाद हायकोर्टाने सोडलं, कारण गुन्हा कधी, कुठे, कुणासोबत घडला याचा काहीच पत्ता नव्हता. मात्र सोडताना न्यायाधीशांनी पोलिसांचा हेतू चांगलाच असल्याचंही म्हटलं. कृत्याचा पुरावा नव्हता. माणूस कोण आहे, हाच पुरावा.

१९११ मध्ये इंग्रजांनी नवा कायदा आणला, त्यात हा भाग राहिला नाही. मग संपलं का? नाही. आपला मराठवाडा तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, तिथे १९१९ साली जवळपास हाच कायदा नव्याने आला. हैदराबाद शहरासाठी, आणि सरकार ठरवेल त्या इतर ठिकाणांसाठी. तीच वही, वेशावरून तीच अटक. १९५२ साली जमातींचा कायदा गेला, पण हा तेलंगणाच्या कायद्यांत तसाच पडून राहिला. जुलै २०२३ मध्ये तेलंगणा हायकोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. १९५२ नव्हे, २०२३!

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. १५ एप्रिल २०१४ च्या 'नाल्सा' निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या खटल्यात बाजू मांडायला उभ्या होत्या. १८७१ मध्ये प्रश्न होता 'हा कोण, ते आम्ही ठरवू'. २०१४ चं उत्तर होतं 'मी कोण, ते मी सांगेन'.

पण २०१९ च्या कायद्याने पुन्हा एक कागद मध्ये आणला. ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायचं. स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेनंतर दवाखान्याचा दाखला जोडून पुन्हा अर्ज करायचा. हेतू संरक्षणाचा आहे, १८७१ शी त्याची बरोबरी करणं अन्यायाचं होईल. तरी पारलिंगी कार्यकर्ते या कलमांना विरोध का करतात, ते त्या वहीचा इतिहास माहीत असला की चटकन कळतं. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांची नावं सरकारने संशयाने लिहिली, त्यांना सरकारी नोंदीची धास्ती वाटणारच.

आता आपल्या घरचं. २०२२ ची महाराष्ट्र पोलीस भरती. ऑनलाइन फॉर्ममध्ये पर्याय दोनच, स्त्री आणि पुरुष. पारलिंगी उमेदवार मॅटमध्ये गेले. मॅटने तिसरा पर्याय द्यायला सांगितलं, तर सरकार त्याविरुद्ध हायकोर्टात गेलं. म्हणणं काय, तर आमचं धोरणच ठरलेलं नाही. 'नाल्सा'ला तेव्हा आठ वर्षं होऊन गेली होती. छत्तीसगडने तर २०२१ मध्येच १३ पारलिंगी उमेदवारांना पोलीस शिपाई म्हणून घेतलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाने खडसावल्यावर सरकारने तिसरा पर्याय द्यायचं आणि शारीरिक चाचणीचे नियम करायचं कबूल केलं.

जरा थांबून बघा. दीडशे वर्षांपूर्वी पोलिसांच्या वहीत यांच्यासाठी खास रकाना होता. नोकरी मागायला आले, तेव्हा त्याच पोलिसांच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

म्हणून मला वाटतं, कायदा रद्द होणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं काम तुमच्या-आमच्या गावात आहे, तहसीलच्या खिडकीवर, शाळेच्या दाखल्यात, भाड्याच्या घराच्या करारात. आपल्या भागातल्या एखाद्या कार्यालयाचा फॉर्म आज जरूर बघा. तिसरा रकाना आहे का? नसेल तर अर्ज द्या, विचारा. आणि पुढच्या विमुक्त दिनाला कुणी भाषण करणार असेल, तर त्या कायद्याच्या दुसऱ्या भागाचीही आठवण करून द्या.