ड्यूप्लेक्स अगंज पोलाद : यांत्रिक वर्तन आणि अवशिष्ट प्रतिबले

फेराइट आणि ऑस्टेनाइट या दोन प्रावस्था (वेगवेगळ्या स्फटिकरचनेचे भाग) जवळजवळ निम्म्या-निम्म्या असलेले अगंज पोलाद. घरातले डबे-भांडी बहुतांशी ऑस्टेनाइटी पोलादाची असतात आणि चुंबकाला धरत नाहीत. ड्यूप्लेक्स मात्र त्यातल्या फेराइटमुळे चांगलेच चिकटते. चुंबक लागला की माल हलका, ही भांडीबाजारातली परीक्षा येथे सपशेल फसते.

१९३० च्या सुमारास स्वीडनमधील आव्हेस्ता येथे ही जात प्रथम तयार झाली. सल्फाइट पद्धतीच्या कागदगिरण्यांत ऑस्टेनाइटी पोलाद कणसीमांवरून गंजत असे. त्यावर उपाय हवा होता. आज सर्वाधिक वापर २२०५ या प्रतीचा आहे. तिच्यात सुमारे २२ टक्के क्रोमियम, ५ टक्के निकेल, ३ टक्के मॉलिब्डेनम आणि थोडा नायट्रोजन असतो.

सामर्थ्य : भार काढल्यावरही वाक कायम राहू लागतो ती मर्यादा, म्हणजे यील्ड सामर्थ्य, २२०५ मध्ये किमान ४५० मेगापास्कल असते. नेहमीच्या ३०४ या ऑस्टेनाइटी प्रतीसाठी हाच आकडा २०५, तर ३१६एल साठी १७० आहे. २५०७ ही ‘सुपर ड्यूप्लेक्स’ प्रत ५५० पर्यंत जाते. एकमेकांत गुंतलेल्या प्रावस्थांमुळे कण बारीक राहतात आणि नायट्रोजन ऑस्टेनाइटला कणखर करतो, हे याचे मुख्य कारण. किंमत तन्यतेत मोजावी लागते : तुटण्यापूर्वीची किमान लांबीवाढ २२०५ मध्ये २५ टक्के, २५०७ मध्ये अवघी १५. लाटलेल्या पत्र्यात प्रावस्थांचे पट्टे लाटण्याच्या दिशेने लांबतात, म्हणून आडव्या दिशेचे सामर्थ्य बहुधा जास्त भरते. पत्रा वाकवणाऱ्याला त्याचे माघारी उसळणेही अधिक जाणवते. पण जाडी कमी करता येत असल्याने रसायनवाहू जहाजांच्या टाक्या आणि पूल यांत हे पोलाद रुळले. स्पेनच्या मिनोर्का बेटावरचा काला गाल्दाना पूल (२००५) २२०५ चाच आहे.

अवशिष्ट प्रतिबले : बाहेरचा कोणताही भार नसताना धातूत कोंडून राहिलेले प्रतिबल ड्यूप्लेक्समध्ये दोन पातळ्यांवर असते. एक स्थूल : वेल्डिंग, वाकवणे, घासणे किंवा झपाट्याने थंड करणे यांतून आलेले, संपूर्ण वस्तूभर तोलले जाणारे. दुसरे प्रावस्थांमधले, आणि या पोलादाचे खरे वैशिष्ट्य तेच. तापमान एक अंशाने बदलले की फेराइटची लांबी दशलक्षांश ११ च्या आसपास, तर ऑस्टेनाइटची सुमारे १७ भागांनी बदलते. अनुशीतनाच्या, म्हणजे धातू तापवून मऊ करण्याच्या, १,०५० अंश सेल्सियसवरून पाण्यात बुडवताच ऑस्टेनाइट जास्त आकसू पाहते आणि फेराइट त्याला अडवते. परिणामी ऑस्टेनाइटमध्ये ताण, फेराइटमध्ये दाब. हा फरक निव्वळ लवचीकपणे पेलायचा झाला तर कित्येकशे मेगापास्कल भरतील. तप्त अवस्थेत धातू मऊ असल्याने बराचसा फरक तेव्हाच जिरतो. तरीही उरलेले प्रतिबल शंभर मेगापास्कलच्या घरात असू शकते. निष्प्रतिबल ड्यूप्लेक्स ही केवळ पुस्तकी कल्पना आहे.

मोजमापात नेमकी इथेच फसगत होते. क्ष-किरण विवर्तनाने फक्त फेराइट मोजले तर अख्खा पत्रा दाबाखाली असल्यासारखा दिसतो. म्हणून फेराइट सहसा क्रोमियमच्या, ऑस्टेनाइट मँगॅनीजच्या क्ष-किरणांनी वेगवेगळे मोजून प्रावस्थांच्या प्रमाणानुसार सरासरी काढतात. ती सरासरी म्हणजे स्थूल प्रतिबल. क्ष-किरण पृष्ठभागाखाली काही मायक्रोमीटरच शिरतात; खोलवरचे पाहायचे तर न्यूट्रॉन विवर्तन लागते.

नमुना ओढला की आधीच ताणलेले ऑस्टेनाइट बहुधा आधी यील्ड होते आणि पुढचा भार फेराइटकडे सरकतो. जी प्रावस्था अधिक लांबली, ती भार उतरताच दाबाकडे झुकते. म्हणजे एकदा ओढून सोडलेला पत्रा आतून मूळचा राहत नाही. उलट दिशेने भार दिल्यास तो लवकर यील्ड होतो. पुनःपुन्हा येणाऱ्या भारांखाली थकव्याचा अंदाज बांधताना हे विसरून चालत नाही.

उष्णतेची अडचण : वेल्डच्या आसपासचे ताण यील्ड सामर्थ्याजवळ पोहोचतात. साधे पोलाद ६०० अंशांच्या आसपास तापवून ते उतरवता येतात. ड्यूप्लेक्सला हा मार्ग बंद आहे. साधारण ३०० ते ५२५ अंशांत फेराइट फुटून क्रोमियमबहुल भाग वेगळे होतात, हाच ‘४७५ अंशांचा ठिसूळपणा’. त्याहून वर, सुमारे १,००० अंशांपर्यंत, सिग्मा नावाची ठिसूळ प्रावस्था वाढते. उरतो तो पूर्ण अनुशीतनाचा पर्याय, आणि मोठ्या टाकीला तो क्वचितच झेपतो. म्हणून वेल्डरची शिस्तच महत्त्वाची : २२०५ साठी दर मिलिमीटरला ०.५ ते २.५ किलोजूल उष्णता आणि दोन थरांमध्ये १५० अंशांच्या आत तापमान. उष्णता फार कमी पडली तर ऑस्टेनाइट पुरेसे तयार होत नाही, फार झाली तर सिग्माला वाव मिळतो.

हायड्रोजन आणि भेगा : क्लोराइडयुक्त पाण्यात ताणाखाली होणाऱ्या गंजभेगांना ड्यूप्लेक्स ३०४-३१६ पेक्षा पुष्कळ कमी बळी पडते, पण समुद्रतळावरचा धोका वेगळा आहे. तिथे गंज रोखण्यासाठी दिलेल्या कॅथोडी संरक्षणातून हायड्रोजन निपजतो. तो फेराइटमधून झपाट्याने, ऑस्टेनाइटमधून अतिशय मंद गतीने सरकतो, आणि स्थानिक ताण जास्त असेल तेथे फेराइट तडकते. १९९० च्या दशकात शेटलंडच्या पश्चिमेकडील फॉइनाव्हेन तेलक्षेत्रात सुपर ड्यूप्लेक्सचे भाग असेच निकामी झाले. डीएनव्ही संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत त्यामुळे प्रतिबल-विकृतीच्या मर्यादांबरोबर सूक्ष्मरचनेलाही स्थान मिळाले : ऑस्टेनाइटच्या बेटांमधले अंतर ३० मायक्रोमीटरपेक्षा कमी असेल तरच रचना बारीक मानली जाते. जाड घडीव भागांना ही अट गाठणे अवघड जाते. लाटलेल्या नळ्या ती सहज पुरी करतात.