तुळजापूरची तारा : सूड, लोकापवाद आणि अपुरा उद्धार

फिलिप मेडोज टेलर याची ‘तारा’ ही इंग्रजी कादंबरी १८६३ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मराठी कादंबरीच्या इतिहासात टेलरचे नाव येते ते प्रामुख्याने हरि नारायण आपटे यांच्या ‘म्हैसूरचा वाघ’मुळे, ती त्याच्या टिपू सुलतानावरील कादंबरीवर आधारलेली आहे. ‘तारा’कडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः मराठी समाजाशी अधिक निकटचे नाते आहे ते याच कृतीचे. अफजलखानाची स्वारी आणि प्रतापगडची भेट हा तिचा ऐतिहासिक कणा असला, तरी तिची नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्री नामक ब्राह्मणाची बालविधवा मुलगी आहे.

या स्थळनिवडीमागे टेलरचा प्रत्यक्ष अनुभव होता. १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला टेलर कोवळ्या वयात मुंबईस आला आणि निजामाच्या सैन्यात दाखल झाला. पुढे सुरपूर संस्थानाचा कारभार त्याने बराच काळ पाहिला. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग हे प्रदेश कंपनीच्या हवाली केले, तेव्हा नळदुर्गाची व्यवस्था टेलरकडे आली. १८५७पर्यंत आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या या परिसरात त्याने महसुलाची घडी बसविण्याचे काम केले. १८६०मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला आणि त्याच वर्षी टेलरने हिंदुस्थान सोडला. ‘तारा’ त्यानंतर तीन वर्षांनी प्रकाशित झाली.

या वास्तव्याची खूण त्याच्या साहित्यात दिसते. १८३९च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’मध्ये भवानी ही ठगांच्या हत्यांना संमती देणारी देवता होती. ‘तारा’मध्ये तीच देवी एका कुटुंबाच्या नित्य उपासनेचा आणि एका गावाच्या अस्तित्वाचा आधार होते. तथापि जवळून पाहणे म्हणजे अचूक पाहणे नव्हे. देवीच्या सेवेस वाहून घेतलेल्या ताराला टेलर ‘मुरळी’ म्हणतो. मुरळी ही मुख्यतः खंडोबाच्या उपासनेतील संस्था होय. तुळजाभवानीभोवतीची परंपरा आराधी, गोंधळी आणि भुत्ये यांची आहे. ही सरमिसळ केवळ अज्ञानातून आली असे म्हणून भागणार नाही, कारण कथानकाची गरज तीतून भागते. देवीची सेविका म्हणून तारा वंद्य ठरते, तर मुरळी म्हणून तिच्याविषयी संशय घेण्यास लोकांना वाव मिळतो. मोरो त्रिमल या खलपुरुषाची वासना आणि गंगा या मुरळीचा मत्सर याच फटीतून आत शिरतात. कादंबरीतील लोकापवादाचा उगम येथे आहे.

सुडाचे सूत्र इतिहासाच्या पातळीवर चालते. खानाने तुळजापूरच्या देवीची विटंबना केल्याची कथा सभासदाच्या बखरीत आहे. टेलर मंदिरावरील हल्ला कथेच्या मध्यभागी आणतो आणि त्याचे पर्यवसान प्रतापगडी घडवितो. प्रत्यक्षात ती भेट नोव्हेंबर १६५९मधली. टेलरला मात्र १६५७ हे वर्ष हवे होते. मराठी सत्तेचा उदय, १७५७ची प्लासी आणि १८५७चा उठाव अशी शंभर-शंभर वर्षांची साखळी त्याला तीन कादंबऱ्यांत गुंफायची होती. ‘राल्फ डार्नेल’ आणि ‘सीता’ या पुढच्या दोन कड्या. सनावळीला अशी मुरड घालताना मराठ्यांच्या उदयाचा अर्थही बदलतो. स्वतंत्र राजकीय प्रयत्न म्हणून त्याचे जे महत्त्व, ते मागे पडून इंग्रजी अंमलाकडे नेणाऱ्या वाटेवरचा तो पहिला टप्पा ठरतो.

राजकीय सूड असा पूर्णत्वास जातो, परंतु ताराचा प्रश्न त्याने सुटत नाही. अफजलखानाच्या घराने तिला आश्रय दिलेला असतो. खानाचा मुलगा फाजल आणि त्याची बहीण यांनी तिला माया लावलेली असते. खान मारला गेल्यावर ती स्वजनांत परतते, तेव्हा हाच आश्रय तिच्यावरील कलंकाचा पुरावा मानला जातो. देवीच्या विटंबनेचा जाब मागणाऱ्या समाजाला देवीची सेविका मात्र पुन्हा घरात सामावून घेता येत नाही. अखेर तिच्यापुढे चितेचा मार्ग उरतो. फाजल तिला सोडवितो आणि तिच्याशी विवाह करतो.

हा शेवट अद्भुतरम्य कथेच्या रूढ संकेताला धरून आहे. त्यामागे मात्र १८५०च्या दशकातील विधवाप्रश्न उभा आहे. सतीबंदीचा कायदा १८२९चा, विधवाविवाहाचा १८५६चा. १८५७मध्ये आलेल्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’तील विधवा यमुनेचा पुनर्विवाह होतो तो ख्रिस्ती झाल्यावर. धर्मप्रसारक बाबा आणि प्रशासक टेलर यांच्या भूमिका सर्वस्वी भिन्न आहेत. तरीही विधवेला सुख द्यायचे झाल्यास तिला स्वसमाजाच्या सीमेपलीकडे नेण्यावाचून दोघांनाही गत्यंतर दिसत नाही. कायद्याने उघडलेले दार कादंबरीच्या कल्पनाविश्वात अजून बंदच होते.

‘तारा’चे मोल ठरविताना तिची वासाहतिक चौकट नजरेआड करता येत नाही. इतिहासाचा साचा आणि परधर्मीय उद्धारकर्त्याची योजना यांत परक्या दृष्टीचा अंमल स्पष्ट आहे. परंतु ऐतिहासिक कादंबरीपुढे तिने ठेवलेला प्रश्न या चौकटीबरोबर निकालात निघत नाही. १८७१च्या ‘मोचनगडा’पासून मराठीत रुजलेल्या या प्रकाराने किल्ले, स्वाऱ्या आणि पराक्रम यांचे विश्व समर्थपणे उभे केले. त्या विश्वात विजयाच्या दिवशी घरी परतणाऱ्या, बोल लागलेल्या स्त्रीसाठी जागा किती होती, हे ‘तारा’ शेजारी ठेवून वाचले म्हणजे नेमके तपासता येते. टेलरने आपल्या नायिकेला चितेवरून उतरविले. तुळजापूरच्या तिच्या घराचा उंबरठा मात्र तिला पुन्हा ओलांडता आला नाही.