तेराकोया: काळ्या कागदावरची अक्षरे

तोकुगावा राजवटीत (1603–1868) जपानमधील शेतकरी, कारागीर आणि व्यापारी यांची मुले ज्या खासगी शाळांत लिहायला-वाचायला शिकत, त्यांना तेराकोया म्हणत. ‘तेरा’ म्हणजे बौद्ध मठ. मध्ययुगात मठात राहून शिकणाऱ्या मुलांना ‘तेराको’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. पुढे शाळा मठाबाहेर पडल्या, नाव मात्र टिकले. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, लोक ‘तेनाराई’, हाताचा सराव, हा शब्द अधिक वापरत. शेवटचा ‘या’ दुकानांच्या नावात येतो आणि विद्येला दुकान म्हणणे तिथल्या गुरुजींना रुचत नसे.

सामुराईंच्या मुलांसाठी संस्थानांनी चालवलेल्या शाळा होत्या. सामान्यांच्या शिक्षणावर बहुतेक ठिकाणी सरकारचा खर्च शून्य होता, पण कारभार लेखी चाले. कर गावावर सामूहिक बसे, त्याचा हिशेब पाटलाला ठेवावा लागे. हुकूम फलकांवर लिहून चौकात लावले जात. व्यापाऱ्याची खातेवही आणि कुळाचा अर्ज दोन्हींना अक्षर हवे होते. त्यामुळे शिकण्याची गरज खरी होती आणि खिसा रिकामा होता. तेराकोयाची सगळी घडण या दोन गोष्टींतून झाली.

सर्वांत मोठी अडचण कागदाची. सरावाची वही एकदाच घेत आणि तिच्याच पानांवर पुनःपुन्हा लिहीत. पान पूर्ण काळे झाले की वाळवायचे आणि त्यावर पुन्हा गिरवायचे. वाळलेल्या शाईवर ओली शाई चमकते, तेवढ्यावर अक्षराचे वळण दिसते. आपल्याकडच्या धूळपाटीवर अक्षर पुसले जाई, इथे ते थरावर थर चढत जाई. कोरा कागद अखेरच्या स्वच्छ प्रतीसाठी राखून ठेवत.

पुस्तक विकत घेणेही आवश्यक नव्हते. गुरुजी प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेचा कित्ता स्वतः लिहून देत. आधी ‘इरोहा’, म्हणजे 47 काना (ध्वनिदर्शक) अक्षरे प्रत्येकी एकदाच येतील अशी रचलेली जुनी कविता, मग आकडे, व्यक्तींची आणि आसपासच्या गावांची नावे, त्यानंतर पत्रांचे नमुने. या नमुन्यांवरून पाठ्यपुस्तकांनाच ‘ओराइमोनो’, पत्रव्यवहाराची पुस्तके, असे नाव मिळाले. व्यापाऱ्याच्या मुलाला ‘शोबाइ ओराइ’तून मालाची नावे आणि धंद्याचे शब्द मिळत, शेतकऱ्याच्या मुलाला अवजारांचे आणि करवसुलीचे. जे लागेल तेवढेच शिकायचे, हा खरा काटकसरीचा अभ्यासक्रम. तो कोत्या दृष्टीचा होता, असेही म्हणता येईल. पण त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. बोली प्रांतागणिक बदलत असली तरी पत्राची ‘सोरोबुन’ ही शैली आणि ‘ओइए’ वळणाचे जोडून लिहिलेले अक्षर देशभर जवळपास एकच राहिले. दूरच्या दोन प्रांतांतील माणसांना एकमेकांचे बोलणे कळणे कठीण, पत्र मात्र वाचता येई.

वर्ग असे नसतच. प्रत्येक मूल आपल्या कित्त्यावर, आपल्या गतीने बसलेले असे. समोर बसलेल्या मुलाला सरळ दिसावे म्हणून अक्षर उलटे काढून दाखवण्यात गुरुजी वाकबगार असत. शिकवायला परवाना लागत नसे. भिक्षू, शिंतो पुजारी, वैद्य, बेकार सामुराई, गावचे पाटील असे कोणीही शाळा उघडी. एदोत स्त्रियाही शाळा चालवत.

शुल्क ठरावीक नव्हते. प्रवेशावेळी भेट, मग सणासुदीला ऐपतीप्रमाणे काही. त्याखेरीज उन्हाळ्यात चटयांचे आणि हिवाळ्यात कोळशाचे पैसे. खेड्यांत रोकड क्वचित, तांदूळ, भाजी नाहीतर मोची हे तांदळाचे पक्वान्न चाले. गुरुजी त्यावर श्रीमंत होत नसत. त्यांच्या मृत्यूनंतर शिष्य वर्गणी काढून ‘फुदेकोझुका’ ही स्मृतिशिला उभारत. एकट्या चिबा प्रांतात अशा तीन हजारांहून अधिक शिळा आढळल्या आहेत.

अक्षरओळख झाल्यावर वाचायला काय? त्याची सोय ‘काशिहोनया’ या फिरत्या ग्रंथालयांनी केली. पाठीवर पुस्तकांचे गाठोडे बांधून ती चालवणारे दारोदार जात आणि थोड्या भाड्यात काही दिवसांसाठी पुस्तक देत. 1808 मध्ये एदोत असे 656 व्यावसायिक होते. कादंबऱ्यांमध्ये कांजीच्या, म्हणजे चिनी लिपीतून घेतलेल्या अक्षरांच्या, बाजूला छोट्या काना अक्षरांत उच्चार छापलेला असे, त्यामुळे मोजकी कांजी येणाराही गोष्टीच्या ओढीने पुढे वाचत जाई. नवी अक्षरे त्याला त्याच भाड्यात मिळत.

अभ्यासक रोनाल्ड डोर यांच्या अंदाजानुसार राजवटीच्या शेवटी सुमारे 40 टक्के मुलगे आणि 10 टक्के मुली काही ना काही शिक्षण घेत होत्या. शहर आणि खेडे यांत मोठी तफावत होती.

तोकुगावा राजवटीनंतर आलेल्या सरकारच्या 1872 च्या शिक्षण कायद्याने प्राथमिक शिक्षण सर्वांसाठी ठरवले, आणि इथेच विचित्र उलथापालथ झाली. दरमहा 50 सेन (अर्धा येन) शुल्क योग्य धरले गेले, नाइलाज असेल त्यांना 25 सेन. शाळेच्या इमारतीचा खर्चही गावावर. भाजीच्या जुडीवर भागणारे शिक्षण नव्या सरकारच्या हाती येताच महागले. लष्करभरती, कर आणि शाळा यांच्या रागातून 1873 मध्ये काही भागांत उठाव झाले, त्यांत शाळाही जाळल्या गेल्या. त्या वर्षी नोंदणी सुमारे 28 टक्केच होती. अनेक नव्या शाळा जुन्या तेराकोयांच्याच जागेत, जुन्याच गुरुजींवर चालल्या.

शुल्काचा प्रश्न सुटायला 1900 साल उजाडले. त्या वर्षी सक्तीच्या शिक्षणाचे शुल्क तत्त्वतः रद्द झाले. त्याच वर्षीच्या नियमांनी प्राथमिक शाळांत प्रत्येक काना अक्षराचे एकच रूप ठरवले आणि मुलांना शिकवायच्या कांजींची संख्या सुमारे 1,200 वर आणली. त्याआधी एका ध्वनीला अनेक रूपे चालत आणि मुलांना ती सगळी गिरवावी लागत.