पुंगळी-निष्कासन, बंदूक व पिस्तुलातील

पुंगळी-निष्कासन, बंदूक व पिस्तुलातील : बार उडाल्यावर काडतूस-कक्षात उरलेली रिकामी पुंगळी मागे ओढून काढण्याची क्रिया. अर्धस्वयंचलित पिस्तुलात हे काम स्लाइडमध्ये बसविलेला एक लहानसा पोलादी आकडा करतो. त्याला निष्कासक म्हणतात. शस्त्रागारांतून मात्र एक्स्ट्रॅक्टर हेच नाव रूढ आहे. प्रत्याघाताने स्लाइड मागे सरकते, आकडा पुंगळीच्या बुडाची कड धरून तिला ओढत आणतो आणि चौकटीतील इजेक्टरवर आपटून ती बाहेर फेकली जाते. पुढील काडतूस कक्षात जाण्यासाठी ही जागा रिकामी व्हावी लागते. तसे न झाल्यास शस्त्र निरुपयोगी ठरते आणि तो क्षण बहुधा ते बाळगणाऱ्याच्या जिवावर बेतणारा असतो.

पुंगळीसाठी पितळच का, याचे उत्तर या क्रियेतच आहे. बार उडताच वायूच्या दाबाने पुंगळी फुगते आणि कक्षाच्या भिंतीला घट्ट चिकटून वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की ती किंचित आकसते व सैल होते. तांबे व जस्त यांचे सु. ७०:३० प्रमाण असलेल्या पितळात हा लवचिकपणा योग्य घडाईने आणता येतो. पुंगळी फुगून आकसलीच नाही, तर आकडा कितीही बळकट असला तरी एक तर पुंगळीची कड फाटते, नाही तर आकडा तुटतो.

या धड्याची मोठी किंमत ब्रिटिश फौजेला मोजावी लागली. मागून भरण्याच्या स्नायडर रायफलीत (१८६६) ठोकळा हाताने मागे ओढून पुंगळी सैल केली जाई व बंदूक उलटी करून ती खाली पाडली जाई. हे काम सावकाशीचे, परंतु भरवशाचे होते. १८७१ मध्ये आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीत तरफ खाली ओढताच पुंगळी निघे. पण ती पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती. नळी तापली, काळ्या दारूची काजळी साचली व वाळू शिरली, की पत्रा कक्षात रुतून बसे आणि बूड तेवढे आकड्याबरोबर निघून येई. सूदानमधील अबू क्लीच्या लढाईत (१७ जानेवारी १८८५) ऐन गर्दीत रायफली अडकल्या आणि गार्डनर यंत्रतोफही थोड्याच वेळात बंद पडली. ब्रिटिशांचे सत्तरहून अधिक लोक ठार झाले. अशा वेळी शिपायाने शस्त्र स्वच्छ ठेवले नाही, असा ठपका ठेवणे वरिष्ठांना सोयीचे असते. दोष पुष्कळ अंशी पुंगळीच्या रचनेत होता, हे अखंड पितळातून ओढून काढलेल्या पुंगळ्या वापरात आल्यावर स्पष्ट झाले.

हिंदुस्थानात १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने शस्त्र देण्याचे धोरण होते. त्यामुळे गोऱ्यांच्या हाती मार्टिनी असताना देशी शिपाई स्नायडर वापरीत. काडतुसांची गरज भागविण्यासाठी पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना निघाला. पुंगळीचा आणखी एक विकार मात्र याच देशाच्या हवेत प्रथम लक्षात आला. पावसाळ्यात साठ्यातील काडतुसे आपोआप तडकत. विशेषतः घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेल्या पेट्यांत हे प्रमाण मोठे असे. छावण्यांतून पागा व कोठारे जवळजवळ असणे स्वाभाविकच होते. वऱ्हाडाच्या सीमेवरील हिंगोलीची छावणी अशांपैकीच होती. वाशीमच्या दक्षिणेस असलेल्या या ठाण्यात हैदराबाद कंटिंजंटची फौज असे आणि तिच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. त्या वऱ्हाडात वाशीम १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता. पुढे तो अकोल्यात विलीन झाला व १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा निघाला.

पावसाळी मोसमात घडणारे म्हणून या तडकण्याला मोसमी भंग असे नाव पडले व दीर्घकाळ हवेलाच दोष दिला गेला. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी खरे कारण दाखवून दिले. घडाईच्या वेळी पितळात अंतर्गत ताण उरतो. त्यावर शेणमुतातून सुटणाऱ्या अमोनियाची व दमट हवेची क्रिया झाली की कणाकणांच्या सीमांवर भेगा पडतात. सौम्य तापानुशीतन करून हा ताण घालविणे, हा त्यावरील उपाय होय. भेग पडलेली पुंगळी बार उडताना फाटते व तिचा तुकडा कक्षातच राहतो. म्हणून निष्कासनाच्या तक्रारीचे मूळ कधी कधी शस्त्रात नसून कोठारात सापडते.

अर्धस्वयंचलित पिस्तुलांचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. बोर्कार्ट (१८९३), माउझर (१८९६) व ब्राउनिंग (१९००) ही त्यांतील आरंभीची नावे. रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळ्या हाताच्या जोराने काढल्या जात. पिस्तुलात ते काम बाराच्याच शक्तीवर सोपविले गेले. महाराष्ट्राच्या इतिहासात ही शस्त्रे आली ती क्रांतिकारकांबरोबर. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याकरवी वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठविली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नासिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे येथील तुरुंगात फाशी देण्यात आले.

ब्राउनिंगच्या लहान पिस्तुलांत स्लाइडला कुलूप नसते. वायूचा दाब पुंगळीलाच मागे ढकलतो. आकडा तिला इजेक्टरपर्यंत सरळ धरून ठेवतो, एवढेच. त्यामुळे आकडा मोडूनही उडालेली पुंगळी कित्येकदा बाहेर पडते, मात्र न उडालेले काडतूस निघत नाही. अशा पिस्तुलाविषयी ‘कधी चालते, कधी नाही’ अशी तक्रार आली, तर आधी आकडा पाहावा. मोठ्या दाबाच्या काडतुसांसाठी नळी व स्लाइड काही काळ जखडून ठेवणारी रचना लागते. कोल्ट १९११ व ब्राउनिंगचे १९३५ चे ९ मिमी. पिस्तूल ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील इंग्लिस कंपनीने हे दुसरे पिस्तूल बनविले आणि त्याच धर्तीवर इशापूर येथील रायफल कारखान्यात भारतीय ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी. १ए’ तयार झाले. या घराण्यातील जुन्या पिस्तुलांत आकडा स्लाइडच्या आत असून तोच स्वतःची स्प्रिंगही असतो. काडतुसाची कड मॅगझीनमधून वर येता येता त्याच्याखाली सरकावी, अशी योजना असते. काडतूस हाताने थेट कक्षात टाकून स्लाइड सोडल्यास आकड्याला कडेवरून उडी घ्यावी लागते व कालांतराने त्याचे टोक झिजते किंवा तुटते.

दोष शोधताना अडकलेल्या पुंगळीची कड प्रथम तपासतात. कड फाटलेली असेल, तर आकड्याने आपले काम केले आहे. कक्षात गंज, काजळी वा खरखरीतपणा आहे किंवा पुंगळीच सदोष आहे. कडेवर घसरल्याची पुसट खूण असेल, तर आकड्याचा ताण कमी झाला आहे किंवा त्याच्याखाली कचरा साचला आहे. खूण मुळीच नसेल, तर आकडा कडेपर्यंत पोचलेलाच नाही. वऱ्हाडातील काळ्या मातीची बारीक धूळ फाजील तेलात मिसळली की तिचा चिकट थर बनतो, म्हणून उन्हाळ्यात शस्त्राला तेल बेताने लावणेच हितावह असते. पुंगळी निघूनही स्लाइडच्या तोंडात उभी अडकली, तर तो बहुधा उत्क्षेपणाचा दोष होय. या दोहोंची गल्लत झाल्याने चांगले भाग विनाकारण बदलले जातात.

पुंगळी आत राहिली असता मॅगझीनमधील पुढचे काडतूस तिच्या बुडावर येऊन आदळते व दुहेरी अडकण होते. अशा वेळी नळीचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवून स्लाइड मागे अडकवितात, मॅगझीन काढतात व नंतर स्लाइड दोनतीन वेळा जोराने ओढतात. तरीही न निघाल्यास आणि ती रिकामीच असल्याची खात्री असल्यास साफसफाईच्या गजाने तोंडाकडून ढकलता येते. न उडालेले काडतूस मात्र असे कधीही ढकलू नये. ते आर्मोररकडे सोपवावे.

पुंगळीच्या बुडावरील ठसा या तपासात उपयोगी पडतो. खडकीच्या मालावर ‘केएफ’, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगाव कारखान्याच्या (स्थापना १९६४) मालावर ‘ओएफव्ही’ ही अक्षरे असतात. हे दोन्ही कारखाने ऑक्टोबर २०२१ मध्ये म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आले. एकाच ठशाच्या व वर्षाच्या पुंगळ्या निरनिराळ्या पिस्तुलांत अडकू लागल्या, तर शस्त्रे न उघडता तो साठाच बाजूला काढतात. एकाच पिस्तुलात निरनिराळ्या ठशांच्या पुंगळ्या अडकत असतील, तर ते पिस्तूल आर्मोररच्या मेजावर जाते.