रंध्याची बखर

देवरूखच्या आमच्या घराचे पुढचे दार दरवर्षी आषाढात फुगते. लग्नकार्यात काही नातेवाईक फुगतात तसेच. समजूत घालून उपयोग नसतो, दिवस जावे लागतात. हे दार लावायचे म्हणजे एकाने आतून खांदा द्यायचा, दुसऱ्याने बाहेरून कडी धरून ओढायचे, आणि दार लागले की बाहेरच्याने चिखल तुडवीत परसातून घरात यायचे, अशी आमच्याकडे वहिवाट होती.

वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी हा प्रश्न कायमचा निकालात काढायचे ठरवले. घरचा कर्ता म्हणून काहीतरी कर्तृत्व दाखवणे भाग होते. माळ्यावर आजोबांचा लाकडी रंधा होता. तो खाली काढला.

आता या रंध्याचे घराणे आमच्या घराण्यापेक्षा कितीतरी जुने. शब्द फारसीतल्या 'रंदा'वरून आलेला, पण वस्तू त्याहून प्राचीन. इजिप्तच्या फारोंना मात्र ती लाभली नाही. त्यांचे सुतार वाकसासारख्या हत्याराने लाकूड तासत आणि वाळूच्या दगडाने घासत बसत. रोमन लोकांकडे रंधा होता, आणि चांगला लोखंडी तळाचा होता. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई गाडले गेले, त्यात रंधेही गाडले गेले आणि पुढे उकरून काढले गेले. त्यातला रंधा आमच्या मेस्त्रींच्या हाती दिला तर ते 'पातं कुठाय' एवढेच विचारतील आणि कामाला लागतील. दोन हजार वर्षांत इतका कमी बदललेला दुसरा इसम म्हणजे जावई.

रंधा म्हणजे तरी काय? लाकडाचा एक ठोकळा, त्यात साधारण पंचेचाळीस अंशांत तिरपे बसवलेले पाते आणि ते धरून ठेवणारी पाचर. पाते पुढे हवे तर त्याच्या डोक्यावर हलकेच टिचकी मारायची, मागे हवे तर ठोकळ्याच्या बुडावर. पुढे सरकण्यासाठी डोक्यात आणि मागे येण्यासाठी बुडावर, हा न्याय आमच्या शाळेतही होता. मग अमेरिकेत लिओनार्ड बेली नावाचा गृहस्थ निघाला. त्याने लोखंडी रंध्याला स्क्रू बसवून पाते केसाइतके वरखाली करायची सोय केली, १८६७ च्या सुमारास पेटंट घेतले, आणि १८६९ मध्ये स्टॅन्ले कंपनीने ते हक्क विकत घेतले. आज दुकानात जो लोखंडी रंधा मिळतो तो या बेलीचाच वंशज. तिकडे जपानी सुतार रंधा ढकलत नाही, स्वतःकडे ओढतो. मी दोन्ही करून पाहिले. आजोबांचा रंधा दोन्हीकडे जाईना.

कारण पात्याला धार नव्हती. धारेला उतार साधारण पंचवीस अंशांचा लागतो आणि दगडावर पाते एकाच कोनात धरून फिरवावे लागते, हे मला नंतर कळले. मी ते हवे तसे डोलवले, त्यामुळे धार पाटावरच्या मोदकासारखी गोलगरगरीत झाली. तरी रेटून रंधा मारला. पहिल्या हाताला तोंडात भुसा अडकला. दुसऱ्या हाताला, रेषांच्या उलट गेल्यामुळे, वीतभर कपची निघाली. वरच्या कोपऱ्यात तर लाकडाचा तुकडाच उडाला. आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. ती काही बोलली नाही.

पण संध्याकाळी दार एका बोटाने लागले! मी ते चौदा वेळा लावून दाखवले.

गणपतीत मेस्त्री आले. दारावरून हात फिरवून म्हणाले, "भाऊ, कोणी तासलंन हे?"

"मी," मी अभिमानाने म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "मार्लेश्वराची जत्रा होऊ दे."

मार्लेश्वराची जत्रा संक्रांतीला. तोवर हवा कोरडी होते आणि शंभर इंचांवर पाऊस प्यालेले लाकूड ते पाणी सोडून देते. लाकूड उंचीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. अडीच फुटांचे फळ्यांचे दार पावसात पाव इंच रुंद झाले तर नवल नाही, आणि तेवढेच ते पुढे आक्रसते. मी तासलेला पाव इंच मात्र परत येणार नव्हता. संक्रांतीला कडी कोयंड्यापर्यंत पोहोचेना. फाल्गुनात पोस्टमन न हाक मारता फटीतून पत्रे टाकू लागला.

मेस्त्रींनी माघातच फणसाची पट्टी चिकटवून द्यायचे कबूल केले होते. ते वैशाखात आले. पाते त्यांनी तासभर दगडावर घासले, मनगटावरचे केस निघेपर्यंत. रंध्याच्या तळाला मेणबत्ती चोळली. वरच्या कडेला, जिथे लाकडाची तोंडे उघडी असतात, दोन्ही कोपऱ्यांकडून मधल्या दिशेने रंधा मारला, म्हणजे टोक उडत नाही. पावसासाठी सुपारी कातरलेल्या फोडीएवढी फट ठेवली, आणि उघड्या कडांना तेल पाजले, कारण पाणी तिथूनच आत शिरते. काम झाल्यावर रंधा आडवा ठेवून पात्यावर तेलाची चिंधी फिरवली. कोकणातल्या हवेत एका रात्रीत गंज धरतो.

मग बिजागऱ्या काढताना ते थांबले. त्या बाजूच्या कडेलाही एक पट्टी होती, जुनी, काळवंडलेली.

"ही माझ्या बापाने लावलंन," मेस्त्री म्हणाले. "तुमच्या वडिलांनी तासलंन होतं तेव्हा."

मी आईकडे पाहिले. "तुला ठाऊक होतं? मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी तरी कुठे ऐकलंन होतं?" आई म्हणाली, आणि सुपातला खडा काढून अंगणात टाकला.