फार्मव्हिल हेराल्ड आणि पाच वर्षे बंद राहिलेल्या शाळा

गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांना एका वर्गात बसवावे लागू नये म्हणून अमेरिकेतील एका काउंटीने १९५९ साली आपल्या साऱ्या सार्वजनिक शाळाच बंद केल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या १९६४ मध्ये. या निर्णयामागे राजकारणी होते, वकील होते आणि गावचे वृत्तपत्रही होते. त्या वृत्तपत्राविषयी हा थ्रेड.

व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटी, मुख्य गाव फार्मव्हिल. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा घटक. मात्र शाळांसाठी स्थानिक कर बसवण्याचा अधिकार तिच्याच पर्यवेक्षक मंडळाकडे. पुढचा सारा पेच याच अधिकारातून निर्माण झाला.

१८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या मोटन हायस्कूलमध्ये ४५० हून अधिक कृष्णवर्णीय मुले शिकत. जादा वर्ग डांबरी कागदाने मढवलेल्या खोपटांत भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप पुकारला. मुख्याध्यापकांना खोट्या दूरध्वनीने शाळेबाहेर काढून तिने सभा भरवली होती! त्या संपातून उभा राहिलेला खटला पुढे ‘ब्राऊन’ प्रकरणात समाविष्ट झाला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

येथून ‘फार्मव्हिल हेराल्ड’ची भूमिका महत्त्वाची ठरते. त्याचे संपादक-प्रकाशक जे. बॅरी वॉल हे त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘डिफेंडर्स’ या वर्णभेदसमर्थक संघटनेचे एक प्रमुख सूत्रधार. म्हणजे ज्या चळवळीची बातमी द्यायची, तिचे नेतृत्वही संपादकाकडेच. वॉल यांची लेखणी शिवराळ नव्हती, आणि हेच अधिक घातक होते. राज्यांचे हक्क, करदात्यांचे स्वातंत्र्य, कायदेशीर मार्ग अशा सभ्य शब्दांत ती बोले. हिंसाचार नको, असा आग्रहही धरी. शाळा बंद करण्याची कल्पना आततायी न वाटता शिस्तशीर नागरी कर्तव्य वाटू लागली, याचे मोठे श्रेय (किंवा दोष) या भाषेकडे जाते.

हे अपरिहार्य होते का? त्याच राज्यातील नॉरफोक येथे १९५८ मध्ये राज्य सरकारने शाळा बंद केल्या, तेव्हा ‘व्हर्जिनियन-पायलट’चे संपादक लेनॉयर चेंबर्स यांनी त्या धोरणाविरुद्ध सातत्याने अग्रलेख लिहिले. १९५९ च्या फेब्रुवारीत तेथील शाळा उघडल्या. चेंबर्स यांना १९६० चे पुलित्झर मिळाले. शाळा न्यायालयांमुळे उघडल्या, अग्रलेखांमुळे नव्हे, हे खरे. पण नॉरफोकच्या गोऱ्या वाचकाला विरोधी मत आपल्याच वृत्तपत्रात वाचायला मिळत होते.

प्रिन्स एडवर्डमध्ये जून १९५९ मध्ये पर्यवेक्षक मंडळाने शाळांना निधी नाकारला. गोऱ्या मुलांसाठी सप्टेंबरात खासगी अकादमी सुरू झाली. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच नव्हते. काही नातलगांकडे परराज्यांत गेली, काहींना क्वेकरपंथीयांनी दूरच्या कुटुंबांत ठेवले, काही चर्चच्या तळघरांतील वर्गांत बसली. कित्येकांचे शिक्षण तेथेच संपले. १९६३ मध्ये केनेडी प्रशासनाच्या प्रयत्नांतून देणग्यांवर चालणाऱ्या मोफत शाळा निघाल्या. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गोऱ्यांच्या खासगी शाळांना सार्वजनिक पैसा पुरवत सार्वजनिक शाळा बंद ठेवणे घटनाबाह्य आहे. गरज पडल्यास कर बसवण्यास मंडळाला भाग पाडता येईल.

२००३ मध्ये शाळाबंदीतून वंचित राहिलेल्यांना शिष्यवृत्ती द्यावी, ही मागणी एका संपादकाने लावून धरली. ते केन वुडली, ‘फार्मव्हिल हेराल्ड’चेच. २००४ मध्ये विधिमंडळाने योजना मंजूर केली. २० लाख डॉलरच्या निधीतील निम्मी रक्कम उद्योगपती जॉन क्लूगी यांनी दिली. शाळा बंद झाली तेव्हा पहिलीत जाऊ पाहणारी मुले तोवर पन्नाशी ओलांडून गेली होती.