सेंडफाइल : माहितीचा आडवळणाचा फेरा टाळणारा कॉल

संकेतस्थळावरील एखादे छायाचित्र वाचकाच्या पडद्यावर उमटण्यापूर्वी सर्व्हरमध्ये त्याची बरीच ने-आण होते. सर्व्हरवरील प्रोग्रॅम डिस्कशी किंवा नेटवर्क कार्डाशी थेट व्यवहार करीत नाही. ते काम ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, पार पाडतो. प्रोग्रॅमने फाइल उघडली की कर्नल तिच्यासाठी एक क्रमांक देतो. त्यालाच ‘फाइल डिस्क्रिप्टर’ म्हणतात. नेटवर्कवरील जोडणीला, म्हणजे सॉकेटलाही, असाच क्रमांक मिळतो.

पारंपरिक पद्धतीत ‘रीड’ व ‘राइट’ हे दोन सिस्टीम कॉल वापरले जातात. ‘रीड’मुळे माहिती डिस्कवरून कर्नलच्या स्मृतीत आणि तेथून प्रोग्रॅमच्या स्मृतीत येते. ‘राइट’मुळे ती पुन्हा कर्नलच्या स्मृतीत आणि मग नेटवर्क कार्डाकडे जाते. अशा चार टप्प्यांपैकी मधल्या दोन टप्प्यांतील नक्कल प्रोसेसरला करावी लागते. मजकुरात काहीच बदल करायचा नसेल, तर हे श्रम वाया जातात.

‘सेंडफाइल’ हा कॉल हा फेरा टाळतो. फ्रीबीएसडीमध्ये तो १९९८ साली ३.० आवृत्तीत आला, तर लिनक्समध्ये १९९९ सालच्या २.२ आवृत्तीत. लिनक्समध्ये प्रोग्रॅम त्याला कोठे पाठवायचे, कोठून घ्यायचे, फाइलीत कोठून आरंभ करायचा आणि किती बाइट न्यायचे, एवढेच सांगतो. माहिती प्रोग्रॅमच्या स्मृतीत येतच नाही. २००१ साली लिनक्सच्या २.४ मालिकेत, योग्य नेटवर्क कार्ड असल्यास, प्रोसेसरकडील उरलेली नक्कलही टळली. २०१० सालच्या २.६.३३ आवृत्तीपासून सॉकेटऐवजी साध्या फाइलीतही लिहिता येऊ लागले. माहिती घेण्याची बाजू मात्र सॉकेट असू शकत नाही.

या सोयीबरोबर जबाबदारीही येते. मागितलेले सर्व बाइट एकाच वेळी जातीलच, असे नाही. लिनक्समध्ये एका कॉलची कमाल मर्यादा २,१४,७४,७९,५५२ बाइट आहे. जोडणी मंद असल्यास त्याहून पुष्कळ कमी बाइट जाऊ शकतात. कॉल परत करीत असलेला आकडा पाहून उर्वरित भाग पुन्हा पाठवावा लागतो. ही तपासणी वगळणारा प्रोग्रॅम लहान फाइलींवर निर्दोष भासतो आणि मोठी फाइल अर्धवट पोचवतो. तसेच, स्वतंत्र प्रत न काढता माहिती जात असल्याने, ती पलीकडे पोचण्याआधी मूळ फाइल बदलली तर बदललेला मजकूर जाण्याचा धोका असतो.

सुरक्षित संकेतस्थळांमुळे आणखी एक अडचण उभी राहिली. सांकेतिकीकरण प्रोग्रॅममध्येच करायचे, तर माहिती तेथे आणणे भागच पडते. लिनक्सच्या ४.१३ आवृत्तीत, २०१७ साली, हे काम कर्नलमध्ये करण्याची सोय झाली आणि सुरक्षित जोडणीवरही ‘सेंडफाइल’ उपयोगी ठरू लागला.